किनाऱ्याच्या वाटेनं बेटावरच्या एकांत पुळणीपर्यंत: आधी परतीचा हिशोब

किनाऱ्याच्या वाटेवर अडकलेली माणसं बहुतेक वेळा बरोबर वाटेवरच असतात. सकाळी ज्या वाळूवरून ती कोरड्या बुटांनी पलीकडे गेली, तिथे दुपारी कमरेएवढं पाणी असतं. डोंगरातली वाट तुम्ही परत येईपर्यंत जागेवर थांबते. समुद्राकाठची वाट बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा बुडते.

म्हणून या चालीत तयारीचा क्रम नेहमीच्या ट्रेकपेक्षा उलटा असतो. परत कधी यायचं हे आधी ठरतं, निघायचं कधी ते शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमानं घ्या. मधला एखादा गाळलात तर पुढच्याला आधार राहत नाही.

## टप्पा १: नकाशावर अडकायच्या जागा शोधा

एकूण अंतर किती, हा पहिला प्रश्न नाही. पाणी चढल्यावर वाट कुठे कुठे तुटते, हे आधी बघा. मोठ्या प्रमाणाचा नकाशा आणि उपग्रहाचं चित्र शेजारी ठेवा आणि या जागांवर खूण करा:

- मुख्य भूमी आणि बेट यांच्यामधला, किंवा दोन बेटांमधला वाळूचा दांडा, जो फक्त ओहोटीला उघडा पडतो.
- वाटेत आडवी येणारी खाडी किंवा ओढ्याचं मुख.
- समुद्रात घुसलेलं खडकाळ टोक, ज्याला खालून, पाण्याच्या कडेनं वळसा घालावा लागतो.
- तिन्ही बाजूंनी कडा असलेली पुळण.

या चौथ्या जागेकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. तिथे वाट ‘ओलांडावी’ लागत नाही, त्यामुळे धोका आहे असं वाटतच नाही. पण भरतीचं पाणी कड्याच्या पायाला टेकत असेल, तर ती पुळण म्हणजे दार एकच असलेली खोली आहे.

खूण केलेल्या प्रत्येक जागेजवळ दोन गोष्टी लिहा: पाणी आलं तर वर चढायला पायवाट कुठे आहे, आणि तिथून किती मिनिटांवर आहे. उत्तर ‘नाही’ असेल तर ‘नाही’ असंच लिहा.

तपासा: उपग्रहाचं चित्र ओहोटीला घेतलेलं आहे की भरतीला, हे चित्रावरून कळत नाही. त्यात दिसणारी रुंद वाळू तुम्ही पोचाल तेव्हा असेलच असं धरू नका. वेगवेगळ्या तारखांची चित्रं बघायला मिळाली तर जरूर बघा.

## टप्पा २: भरती-ओहोटीचा तक्ता नीट वाचा

तक्ता सगळेच बघतात. चूक होते ती वाचण्यात.

बंदर कोणतं? तक्ता एखाद्या ठरावीक बंदराचा असतो. तुमची जागा तिथून दूर असेल किंवा खाडीत आत असेल, तर ओहोटीची वेळ बदलते आणि खाडीत ती सहसा उशिरा येते. हा फरक काही वेळा तासाच्या घरात जातो. तिथल्या मच्छीमाराला किंवा वनरक्षकाला विचारून तो आधी माहीत करून घ्या.

वेळ कोणती? काही तक्ते जागतिक प्रमाणवेळेत छापतात. जिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, तिथे तो तास धरलेला आहे की नाही हे तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तो एक तास चुकला की पुढचा सगळा हिशोब गेला.

उंची कशापासून? ‘ओहोटी ०.५ मीटर’ याचा अर्थ तुमच्या वाळूच्या दांड्यावर अर्धा मीटर पाणी असेल असा होत नाही. ही उंची तक्त्याच्या ठरवलेल्या शून्य पातळीपासून मोजतात. तुमचा दांडा त्या पातळीच्या वर किती आहे, हे स्थानिक माहितीवरूनच कळतं. त्यामुळे ‘ओहोटीच्या अमुक तास आधीपासून तमुक तास नंतरपर्यंत ओलांडता येतं’ अशी सूचना मिळाली तर ती आकड्यांपेक्षा मोलाची. न्यूझीलंडच्या आबेल टास्मान किनारवाटेवर अवारोआ खाडीसाठी अशीच सूचना आहे: ओहोटीच्या दीड तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत, एवढंच. बाकीच्या वेळी वाट बंद समजायची.

हवा कशी आहे? तक्ता चंद्र-सूर्याच्या ओढीवरून बनवतात, त्या दिवसाच्या हवेवरून नाही. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलनं घसरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं. समुद्राकडून जोराचा वारा असेल तर ते आणखी वर ढकललं जातं. वादळी हवेत तक्त्यातली ओहोटी ‘पुरेशी खाली’ जातच नाही.

### पाणी एकसारखं चढत नाही

बऱ्याचशा किनाऱ्यांवर ओहोटीपासून भरतीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास वेळ लागतो. या काळाचे सहा भाग करा. एकूण चढावाचे बारा वाटे धरले, तर पहिल्या तासात १ वाटा चढतो, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १.

समजा ओहोटी १२:२० ला ०.५ मीटर आहे आणि पुढची भरती १८:३० ला ४.१ मीटर. चढाव ३.६ मीटर, म्हणजे एक वाटा ३० सेंटिमीटरचा. पाणी १३:२० ला ०.८ मीटरवर, १४:२० ला १.४ वर आणि १५:२० ला २.३ वर असेल. आता दांड्याचा सर्वांत खोलगट भाग १.१ मीटरवर आहे असं धरा. दुपारी १:५० पर्यंत तो उघडा आहे. २:२० ला घोट्याच्या वर, ३० सेंटिमीटर पाणी. ३:२० ला १.२ मीटर, म्हणजे जवळजवळ छातीपर्यंत.

‘एक तास झाला, पाणी फारसं चढलेलं दिसत नाही, अजून बसू’ हा विचार नेमका इथे घात करतो. पहिल्या तासातला संथपणा पुढच्या दोन तासांबद्दल काहीच सांगत नाही.

हा बाराचा नियम अंदाजापुरता आहे. काही ठिकाणी दिवसातून एकदाच भरती येते, काही खाड्यांत पाणी लोंढ्यासारखं घुसतं. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, तर भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर तो नावापुरता असतो आणि तिथे वाट बंद करायचं काम वारा आणि लाटा करतात.

### उधाण की भांग?

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, बहुतेक ठिकाणी त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाण असतं. ओहोटी खूप आत जाते आणि भरती खूप वर येते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी, दोन्ही मवाळ.

‘उधाणात पाणी जास्त आत जातं, म्हणजे जायला चांगलं’ हे अर्धंच खरं आहे. दांडा जास्त वेळ उघडा राहतो हे बरोबर, पण तेच पाणी तेवढ्याच वेळात जास्त उंची गाठतं, म्हणजे वेगानं येतं, आणि एरवी कोरडी राहणारी पुळणही गिळतं. भांगाला उलट: पाणी सावकाश येतं, पण दांडा उघडा पडेलच याची खात्री नाही. माझं मत स्पष्ट आहे. वाटेत दांडा किंवा खाडी असेल तर उधाणाच्या दोन-तीन दिवस आधी किंवा नंतर, उधाण आणि भांग यांच्या मधल्या दिवसांत जावं. फक्त कड्याखालच्या पुळणीत उतरायचं असेल तर भांगाचे दिवस घ्यावेत.

## टप्पा ३: उलटा हिशोब मांडा

कागदावर मांडा, मनातल्या मनात नको. वरचंच उदाहरण घेऊ. वाटेच्या सुरुवातीपासून दांड्यापर्यंत कड्यावरून ४ किलोमीटर. दांडा ४०० मीटर. पलीकडे पुळणीपर्यंत वाळू-खडकातून २ किलोमीटर. ओहोटी १२:२०. ओलांडण्याची मुभा दीड तास आधीपासून दीड तास नंतरपर्यंत, म्हणजे १०:५० ते १३:५०.

1. शेवटचा अर्धा तास राखीव. म्हणजे परत येताना १३:२० ला दांडा ओलांडून झालेला हवा.
2. दांड्याला १० मिनिटं. बेटाकडच्या टोकाला १३:१० ला हजर.
3. पुळणीवरून तिथपर्यंत ५० मिनिटं. पुळण सोडायची १२:२० ला.
4. जाताना दांडा १०:५० च्या आधी मिळत नाही. १०:५० अधिक १० अधिक ५०, म्हणजे पुळणीवर पोचायचं ११:५० ला.
5. कड्यावरच्या ४ किलोमीटरला दीड तास, दांड्यासमोर थांबून पाणी बघायला १० मिनिटं. निघायचं ९:१० ला.

हाती काय लागलं? पुळणीवर तीस मिनिटं. जवळजवळ सहा तासांच्या चालीत अर्धा तास! आणि पुळण सोडायची वेळ नेमकी ओहोटीची, म्हणजे समुद्र सर्वांत दूर आणि सर्वांत शांत दिसत असताना. उठावंसं वाटत नाही, आणि म्हणूनच ही वेळ आधी लिहून ठेवायची.

तीस मिनिटं पुरत नसतील तर दांड्याच्या वेळेत ओढाताण करू नका, बेत बदला. पुढची ओहोटी साधारण १२ तास २५ मिनिटांनी, रात्री पाऊणच्या सुमाराला येईल. अंधारात दांडा ओलांडायचा नसतो. त्यानंतरची दुसऱ्या दिवशी दुपारी १:१० च्या आसपास. म्हणजे पर्याय दोनच उरतात: अर्धा तास, किंवा परवानगी काढून एक मुक्काम. ‘थोडं जास्त थांबू’ असा तिसरा पर्याय नाही.

चालण्याचा वेग ठरवताना डांबरी रस्त्याचा हिशोब लावू नका. सुक्या, मऊ वाळूत चालायला टणक जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. ओल्या, घट्ट वाळूवर बराच वेग मिळतो. मोठ्या गोट्यांवर आणि खडकांवर तासाला दीड-दोन किलोमीटर झालं तरी खूप. गटात जो सर्वांत सावकाश चालतो, त्याचा वेग धरा.

इशारा: परतीची वेळ ‘पुळण दिसल्यावर’ बदलायची नाही. पोचायला उशीर झाला तर पुळणीवरचा वेळ कमी होतो, परतीची वेळ पुढे जात नाही. ११:५० ऐवजी १२:२० ला पोचलात, तर तिथूनच मागे फिरायचं.

## टप्पा ४: लाटा, वारा आणि होडी

हवामानाच्या अंदाजात लोक फक्त पाऊस बघतात. लाटांची उंची आणि दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत, हे दोन्ही बघा. अंदाजात दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते; अधूनमधून येणारी एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. लाटांमधलं अंतर १२ सेकंदांच्या पुढे असेल, तर दूरच्या वादळातून आलेलं जोरकस पाणी आहे असं समजा. तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असताना अशी लाट खडकावरून माणूस ओढून नेते.

वरच्या डोंगरात पाऊस असेल तर ओढ्याचं मुख ओहोटीलाही फुगलेलं असतं. तो अंदाजही वेगळा बघा.

बेटावर होडीनं जाऊन मग चालणार असाल तर होडीवाल्याशी तीन गोष्टी स्पष्ट बोला: कोणत्या वेळी, किनाऱ्याच्या कोणत्या जागी, आणि लाटांमुळे तिथे होडी लागली नाही तर दुसरी जागा कुठली. बरेच धक्के ऐन ओहोटीला निकामी होतात. त्यामुळे होडीची वेळ आणि तुमच्या दांड्याची वेळ एकमेकांना आडवी येत नाही ना, हे बघणं तुमचं काम आहे.

## टप्पा ५: पिशवी

यावर फार वेळ घालवू नका, पण पाण्यावर घालवा. एकांतातल्या पुळणीवर गोडं पाणी नाही असंच धरून चला. चालताना माणशी तासाला किमान अर्धा लिटर, कडक उन्हात याहून जास्त. त्याशिवाय अडकलात तर पुढची उजेडातली ओहोटी येईपर्यंतचं पाणी वेगळं, न फोडता ठेवायचं.

पायात पकड असलेले, ओले झाले तरी चालतील असे बंद बूट. चपला नकोत. डोक्याला टोपी, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा: सुकी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणं परत फेकतो, त्यामुळे सावलीत बसूनही हनुवटीखाली भाजतं. शिट्टी, डोक्याला बांधायची विजेरी, जखम धुवायला स्वच्छ पाणी आणि पट्ट्या, वाऱ्याला अडवणारं जाकीट. फोन आणि नकाशा पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. कागदी तक्ता हवाच, कारण ओल्या खारट बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही. फोनला रेंज नसणाऱ्या भागात उपग्रहाशी जोडलेलं आणीबाणीचं यंत्र भाड्यानं मिळत असेल तर घ्या.

## टप्पा ६: परवानगी आणि निरोप

राखीव वनक्षेत्र, पक्ष्यांच्या वसाहती, कासवांची विणीची पुळण, लष्करी हद्द, खाजगी जमीन: एकांत पुळण एकांत राहण्यामागे बहुधा यातलं एखादं कारण असतं. विणीच्या हंगामात वाट बंद असेल तर ती बंदच. मुक्कामाची परवानगी चालण्याच्या परवानगीत धरलेली नसते.

मागे राहणाऱ्या एका माणसाला लेखी निरोप द्या. ‘संध्याकाळपर्यंत येतो’ याचा शोध घेणाऱ्याला उपयोग नाही. असा द्या: “आम्ही चौघं. दांडा १३:२० ला ओलांडून परत. वाटेच्या सुरुवातीला १४:५०. १६:३० पर्यंत फोन आला नाही तर बचाव पथकाला कळव. बहुधा बेटाच्या बाजूला असू.” आणीबाणीचा स्थानिक क्रमांक निरोपातच लिहा.

## टप्पा ७: चालताना

कड्यावर काठापासून लांब चाला, विशेषतः पावसानंतर. काठावरचं गवत पुष्कळदा पोकळीवर लोंबत असतं.

खडकांवर रंग वाचायला शिका. हिरवं शेवाळ निसरडं असतं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या वरचा गुळगुळीत काळपट पट्टा मात्र कोरड्या दगडासारखा दिसतो आणि ओला झाला की पाय सटकवतो. तो पट्टा आणखी एक गोष्ट सांगतो: भरतीचं आणि लाटांचं पाणी तिथपर्यंत पोचतं. बारीक शिंपल्यांचा खरखरीत थर असलेल्या खडकावर पकड चांगली मिळते, पण पडलात तर कातडी सोलवटते. टोकाला वळसा घालण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं उभं राहून लाटा बघा. मोठ्या लाटा गटानं येतात. दोन मिनिटं बघून कळत नाही. समुद्राकडे पाठ करून चालायचं नाही आणि फोटोही काढायचा नाही.

चिखलात पाय रुतला तर उपसायची घाई करू नका. पिशवी खाली टाका, मागे रेलून बसा म्हणजे वजन पसरेल, आणि पाय हळूहळू हलवत सैल करा. सोबत्यानं जवळ धावून यायचं नाही. काठी किंवा दोर लांबून द्यायचा.

## टप्पा ८: दांडा किंवा खाडी ओलांडताना

समोर पोचल्यावर दहा मिनिटं थांबा. पाण्याच्या कडेला काडी रोवा आणि बघा. पाणी काडीपासून मागे जातंय की पुढे येतंय, हे तक्त्यापेक्षा खरं. जाताना अजून उतरत्या पाण्यातच ओलांडायचं. पाणी चढायला लागल्यावर पलीकडे जायला सुरुवात करायची नाही, मग दांडा कितीही कोरडा दिसो.

वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबा. पिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकता येते. बूट काढू नका. तळ दिसत नसलेल्या उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकण्यापेक्षा सरकवत न्या. वाळूत दडलेला, शेपटीला विषारी काटा असलेला पाखट मासा पाय पडण्याआधी बाजूला होतो.

आधी कोणीतरी गेलंय हे पाहून मागून जाणं ही फार नेहमीची चूक आहे. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटाच्या रस्त्यावर वेळापत्रक लावलेलं असूनही भरतीत गाड्या अडकत राहतात. पुढचा माणूस कदाचित मुक्कामाला चाललेला असेल.

तपासा: ओलांडून झाल्याबरोबर मागे वळून पाहा. परत येताना दांडा कुठे सुरू होतो ते बेटाच्या बाजूनं वेगळं दिसतं. एक फोटो घ्या, वेळ लिहा, सगळ्यांच्या फोनवर परतीचा गजर लावा.

## टप्पा ९: पुळणीवर

बसण्याआधी भरतीची रेघ शोधा. सुकलेलं शेवाळ, काटक्या, कचरा यांची एक ओळ दिसते. ती नुकत्याच गेलेल्या भरतीची. तिच्या वर आणखी एक जुनी, वाळून करडी झालेली ओळ असेल तर ती उधाणाची. मुक्काम करायचा असेल तर तंबू या जुन्या ओळीच्याही वर. अशी ओळच नसेल आणि वाळू कड्याच्या पायापर्यंत ओली असेल, तर इथे भरतीत उभं राहायला जागा नाही.

कड्याखाली सावली असते म्हणून लोक तिथेच पथारी टाकतात. कड्याच्या उंचीइतकं तरी अंतर ठेवा. पायाशी ताजे, धारदार कडांचे दगड पडलेले असतील तर आणखी लांब.

पोहण्याचा मोह होईलच. जीवरक्षक नाही, रेंज नाही, हे लक्षात ठेवून ठरवा. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत, गडद दिसतो, तिथे उतरायचं नाही. तो बहुधा समुद्राकडे वाहणारा ओघ असतो. त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याच्याविरुद्ध येता येत नाही. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, ओघ सैल झाल्यावर किनाऱ्याला समांतर बाहेर पडा आणि मग लाटांबरोबर या.

कासवांच्या खुणा दिसल्या तर त्या ओलांडू नका, रात्री पांढरा उजेड पाडू नका.

## टप्पा १०: वेळ हुकलीच तर

पाणी दांड्यावर आलेलं दिसलं की निर्णय एकच: ओलांडायचं नाही. ‘अजून गुडघ्यापर्यंतच आहे’ हे या काठावरून वाटतं. मधला खोलगट भाग तुम्हाला दिसत नसतो, आणि तुम्ही तिथे पोचेपर्यंत पाणी आणखी चढलेलं असतं.

1. बेटाच्या बाजूला जुन्या भरतीच्या रेघेच्या वर जा. कड्यावर वाट नसताना चढायला जाऊ नका. भरतीत वाचलेली माणसं कड्यावरून पडतात.
2. रेंज असेल तर लगेच आणीबाणीला आणि निरोप दिलेल्या माणसाला कळवा. जागा, माणसं किती, कोणी जखमी आहे का, आणि पाणी तुमच्यापर्यंत पोचू शकतं का, एवढं सांगा. सुरक्षित असाल तर तेही सांगा, म्हणजे रात्री होडी काढायची की सकाळपर्यंत थांबायचं हे त्यांना ठरवता येतं.
3. रेंज नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. अंधारात विजेरीनं तसंच.
4. ओले कपडे बदला, वाऱ्याच्या आडोशाला बसा, राखीव पाणी आता फोडा.
5. पुढची उजेडातली ओहोटी तक्त्यात शोधा आणि तिच्यावरून टप्पा ३ पुन्हा मांडा.

सुखरूप पलीकडे पोचलात की आणखी काही करण्याआधी निरोप दिलेल्या माणसाला फोन करा, आणि बचाव पथकाला कळवलं असेल तर त्यांनाही. तुम्ही जेवायला बसलेले असताना कोणीतरी अंधारात तुमच्यासाठी होडी घेऊन फिरत असू नये.